उंबरा आणि आढं

कोकणातल्या जुन्या घरांचे उंबरे उंच असत. आमच्या रत्नागिरीच्या घराचा तर असा होता, की नवखा पाहुणा पहिला नमस्कार उंबऱ्यालाच घालायचा. थोरल्या बंधूंना, म्हणजे अण्णांना, कंपवाताने गाठलं आणि पाऊल उचलणं जड होऊ लागलं, तेव्हा आम्ही गवंडी बोलावून तो उंबरा चार बोटांवर आणला. शेजारच्या काकू हळहळल्या. घराची शान गेली म्हणाल्या. मी वर बघितलं. आढं होतं तिथेच होतं!

हा उंबरा आज आठवायचं कारण कॅरम.

अण्णा एकेकाळचे आमच्या आळीतले नाणावलेले खेळाडू. गणपतीच्या दिवसांत रात्ररात्र डाव चालत. वर टांगलेला दिवा, बोर्डावर बोरिक पावडर, नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि मधोमध लाल राणी. अण्णांच्या बोटातून स्ट्रायकर सुटला, की समोरची कड घेऊन परत येताना आपली सोंगटी घेऊनच जायचा. बघणारे पोरगे ‘हाऽऽ’ करायचे. त्याच हाताला आता चहाचा कप सांभाळत नाही. बोर्ड माळ्यावर गेला, आणि अण्णांनी त्याचा विषयही काढणं सोडलं.

मे महिन्याच्या सुट्टीत त्यांचा नातू आला. त्याच्या मोबाईलमध्ये कॅरम होता. त्याने फोन टेबलावर आडवा ठेवला, आजोबांचं मनगट उशीवर टेकवलं आणि बोट सरकवायला शिकवलं. पडद्यावर स्ट्रायकरपासून एक रेघ निघते. कुठे लागेल, सोंगटी कुठे जाईल, ते थोडंफार आधीच दिसतं. टिचकी मारायची नाही, बोट ओढून सोडायचं. दोन दिवसांत अण्णा रमले.

मी मात्र नाक मुरडलं. “अण्णा, रेघ बघून सोंगट्या घालायच्या, त्याला काय खेळ म्हणायचं? उद्या कुणीही चॅम्पियन होईल.”

अण्णा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, “बाळ, रेघ ही सोंगटी घालायला सांगते. ही घातल्यावर पुढची कुठे येऊन थांबेल, हे कुठली रेघ सांगते?”

नातू त्यांच्याकडून सलग चार डाव हरला. रेघ दोघांनाही सारखीच दिसत होती.

माझ्या त्या कुत्सित प्रश्नावर जगभरचे व्हिडिओ गेम खेळणारे हिरिरीने भांडत असतात, हे मला पुढे नातवाकडूनच कळलं. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर’ हा मारामारीचा प्रसिद्ध खेळ. त्यातला खास फटका मारायला पूर्वी बोटांच्या ठरावीक हालचाली क्षणार्धात, बिनचूक कराव्या लागत. त्या बोटांत बसायला महिनोन् महिने जात. २०२३ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीत एक सोपी पद्धत दिली आहे. एक बटण दाबलं, की फटका हजर. जुने खेळाडू चिडले: आम्ही बोटं झिजवली ती काय यासाठी? पण कंपनीने एक मेख मारून ठेवली आहे. एका बटणाच्या फटक्याने होणारी इजा सुमारे एक-पंचमांशाने कमी. सोय घ्या, तिची किंमत सर्वांसमक्ष मोजा. दोन्ही पद्धतींचे खेळाडू एकाच स्पर्धेत उतरतात आणि फटका कधी मारायचा, हे ज्याला कळतं तो जिंकतो.

हे ऐकून मला आमची बँक आठवली. मी नोकरीला लागलो ते दिवस जाडजूड लेजरांचे. आमचे हेडक्लार्क तीनशे आकड्यांच्या रकान्यावरून नुसती नजर खाली नेत आणि तळाशी बेरीज लिहीत. एका पैशाची चूक नाही! १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, पुढे यथावकाश शाखेत संगणक आले, तेव्हा ते म्हणाले होते, “संपलं! आता बटण दाबणारा कुणीही बँकर होईल.” त्यांची ती बेरजेची विद्या खरोखर संपली. तिची हळहळ मला आजही वाटते. पण मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवाल्याला कर्ज द्यावं की नाही, मोहोर करपलेल्या बागायतदाराला मुदत वाढवून दिली तर तो फेडील की बुडवील, हे काही संगणकाने सांगितलं नाही. ते माणूस बघूनच ठरवावं लागे. बेरजेत अडकलेले कितीतरी चांगले डोळे त्या कामाला मोकळे झाले. आणि बटण दाबणारा प्रत्येक जण काही चांगला बँकर झाला नाही, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तुम्ही म्हणाल, मग सगळं सोपं करून टाकावं काय? नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. सुट्टी संपता संपता नातवाने हट्टाने माळ्यावरचा बोर्ड काढला. फोनवर पटापट सोंगट्या घालणारा तो पोरगा लाकडी बोर्डावर पार गांगरला. स्ट्रायकर कुठच्या कुठे! रेघ नाही म्हटल्यावर त्याला कोनच दिसेना. रेघेने त्याला खेळाची गोडी लावली हे खरं, पण डोळा दिला नाही. तो चुकूनमाकूनच घडतो. सायकल शिकताना मागून धरणारा हात कधीतरी सुटावाच लागतो.

म्हणजे प्रश्न सोपं करण्याचा नाहीच, काय सोपं करायचं याचा आहे. याचं फार सुंदर उत्तर बुद्धिबळाने दिलं आहे. अंध खेळाडूंच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असतं, मोहऱ्यांना खुंट्या असतात आणि काळ्या मोहऱ्यांवर खूण असते. खेळाडू बोटांनी पट वाचतो आणि दोघेही आपापली चाल मोठ्याने सांगतात. एवढीच सवलत. पुढची चाल सुचवायला कुणी येत नाही! मुंबईच्या चारुदत्त जाधव यांनी, स्वतःची दृष्टी गेलेली असताना, अंधांच्या बुद्धिबळाची अखिल भारतीय संघटना उभी केली. वडोदऱ्याच्या दर्पण इनानी याने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. त्या खुंट्यांमुळे बुद्धिबळ सोपं झालं, असं म्हणायची कुणाची छाती आहे? जो अडथळा खेळाचा भागच नव्हता, तो तेवढा दूर झाला.

आता शेवटची गोष्ट. नातू परत गेला, जाताना जुना फोन अण्णांना देऊन गेला. अण्णा अनोळखी माणसांशी खेळू लागले. एके संध्याकाळी ते ओळीने हरत होते. त्यांनी मला हाक मारली. “बघ रे, याची रेघ माझ्यापेक्षा लांब कशी?” मला काय कळणार? नातवाला फोन लावला. तो सहजपणे म्हणाला, “आजोबा, त्याचा स्ट्रायकर भारी आहे. पैसे भरले की मिळतो. तुम्हाला घेऊन देऊ?”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नको. माझा हात कापतो म्हणून रेघ घेतली, त्याची मला लाज नाही. पण विकत घेतलेल्या रेघेने जिंकायचं, तर मग खेळायचं कशाला?”

इतके दिवस मी भलत्याच गोष्टीवर रागावत होतो. कौशल्याला धोका सोयीचा नाही. जी सोय सर्वांना सारखी मिळते, किंवा जिची किंमत उघडपणे खेळातच मोजली जाते, तिने दार रुंद होतं. आत किती उंच जायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. धोका आहे तो सोयीचा बाजार मांडण्याचा. तिथे अडतो तो अननुभवी नव्हे, तर गरीब. आणि जिंकतो तो खेळाडू नव्हे, तर गिऱ्हाईक. गंमत अशी, की एका बटणाच्या फटक्यावर तावातावाने भांडणारे या दुकानदारीपुढे पुष्कळदा मुकाट असतात. पोरांच्या हातातला खेळ सोपा आहे की अवघड, हे आपण आईबाप, आजीआजोबा विचारतो. त्यात जिंकणं विकत मिळतं का, हे आधी विचारावं.

अण्णा हल्ली फक्त नातवाशीच खेळतात, दोघांची रेघ सारखी ठेवून. तो तिकडे, हे इकडे. दिवाळीत तो येईल तेव्हा लाकडी बोर्डावर त्याला शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. स्ट्रायकर मी मारायचा, कोन अण्णा सांगणार. माझा नेम पहिल्यापासून यथातथाच, त्यामुळे त्याला चुका भरपूर बघायला मिळतील.

बोर्ड मी पुसून ओटीवर आणून ठेवला आहे. उंबरा खाली आहे. अण्णा आपले आपण येऊन त्याच्याशी बसतात.