लाखामागे दोन हजार: फंडाचा खर्च आपण कधी विचारणार?

रमजान लागला की आपण व्यापारी मंडळी वर्षाचा हिशेब मांडायला बसतो. दुकानात माल किती, गल्ल्यात आणि बँकेत किती, येणे किती, देणे किती, आणि जे उरेल त्यावर शेकडा अडीच. लाखाला अडीच हजार. हा आकडा आपल्यातल्या शिंप्यालाही पाठ आहे आणि ठोक व्यापाऱ्यालाही. यंदा नफा झाला की तोटा, हे जकात विचारत नाही. ती जमा मालमत्तेवर असते, म्हणून आपण ती कटाक्षाने मोजतो.

दोन वर्षांपूर्वी असाच हिशेब मांडत होतो. मुलाने मोबाईलवर माझ्या म्युच्युअल फंडाचे सहामाही विवरण काढून दिले. माझे सुमारे नऊ लाख त्यात होते. खालच्या एका ओळीवर मुलाने बोट ठेवले. 'वितरकाला दिलेले कमिशन' अशा अर्थाची ती ओळ होती आणि पुढे चार हजारांच्या वर आकडा. सहा महिन्यांचे! मी विचारले, "हे कोणी दिले?" मुलगा म्हणाला, "अब्बा, तुम्हीच."

ज्या एजंटाने २०१४ साली दुकानात येऊन, चहा पिऊन माझी सही घेतली होती, तो त्यानंतर फार तर दोनदा भेटला असेल. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. कायद्याने त्याला जे मिळते, तेच त्याने घेतले. तक्रार माझी माझ्याशीच आहे. गांधीबागेत मी मीटरमागे पन्नास पैशांसाठी अर्धा तास बसतो. सुरतेहून माल आला तर हमाली, वाहतूक, दलाली वेगवेगळी लिहून घेतो. आणि नऊ लाखांवर दरसाल किती कापले जाते, हे दहा वर्षे एकदाही विचारले नाही.

दलाली आणि फंडाचा खर्च

आपल्या धंद्यातली दलाली सौद्यावर असते. सौदा झाला, दलाली दिली, विषय संपला. फंडाचा खर्च तसा नाही. तो तुमच्या पूर्ण रकमेवर, दरवर्षी, नफा असो वा तोटा, कापला जातो. त्याचे बिल येत नाही आणि पावतीही मिळत नाही. रोजच्या रोज युनिटच्या भावातूनच तो वजा होत असतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. व्यवस्थापकाचा मेहनताना, कार्यालयाचा खर्च, एजंटाचे कमिशन आणि मेहनतान्यावरचा १८ टक्के जीएसटी, हे सगळे त्यात आले.

सरकारी करावर आपण चहाच्या टपरीवर तासभर बोलतो. शेअर फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २०१८ मध्ये १० टक्के कर आला. जुलै २०२४ मध्ये तो साडेबारा टक्के झाला आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा सोडून दिला गेला. हा कर नफ्यावर आहे आणि तोही विकल्यानंतर. खर्च मात्र भांडवलावर आहे, विका अथवा विकू नका. तरी कराची चर्चा घरोघरी होते आणि खर्चाची कुठेच होत नाही.

सूद-ए-मुरक्कब उलटा फिरतो

माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. गणिताच्या तासाला 'सूद-ए-मुरक्कब' म्हणजे चक्रवाढ व्याजाची उदाहरणे मास्तर सोडवून घेत. घरी वडील सांगत, "हे फक्त परीक्षेपुरते शीक, व्यवहारात याच्या जवळ जाऊ नकोस." आम्ही ते पाळले. पण चक्रवाढीचे गणित व्याजापुरते नसते, हे कोणी सांगितले नाही. खर्चही चक्रवाढीनेच वाढतो.

एक उदाहरण घेऊ. एक लाख रुपये वीस वर्षे ठेवले आणि कंपन्यांच्या धंद्यातून वर्षाला सरासरी १२ टक्के वाढ झाली असे समजा. हे हिशेबापुरते समजायचे, कोणी हमी देत असेल तर त्याला दुकानातून बाहेर काढा. खर्च अर्धा टक्का असेल तर वीस वर्षांनी सुमारे ८ लाख ८२ हजार होतात. खर्च दोन टक्के असेल तर सुमारे ६ लाख ७३ हजार. फरक दोन लाख नऊ हजारांचा, म्हणजे मूळ भांडवलाच्या दुपटीहून जास्त. भांडवल तुमचे, जोखीम तुमची आणि वीस वर्षांचा सबूरही तुमचाच.

कोणी म्हणेल, नफा चांगला असेल तर खर्चाकडे कशाला पाहायचे? भाई, पुढचा नफा कोणाच्याच हातात नाही. खर्च मात्र आज कागदावर छापलेला आहे. मोहाडी-आंधळगावचा कोसा विणणारा कारागीरसुद्धा विचारतो की माझी साडी नागपुरात कितीला गेली आणि मधल्याने किती ठेवले. तेवढा प्रश्न आपण फंडाला विचारला तरी पुष्कळ.

नियम बदलले, आपण बदललो नाही

सरकारी नियामक संस्था सेबीने या बाबतीत बरेच केले आहे, हे मान्य करायला हवे. पूर्वी पैसे भरतानाच सव्वादोन टक्क्यांपर्यंत प्रवेश आकार कापला जाई. ऑगस्ट २००९ पासून तो बंद झाला. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला 'डायरेक्ट' योजना ठेवणे भाग पडले. त्यात एजंट नसतो, म्हणून त्याचे कमिशनही नसते. ऑक्टोबर २०१६ पासून एजंटाला किती रुपये गेले, ते सहामाही विवरणात छापून येऊ लागले. २०१८ मध्ये खर्चाच्या कमाल मर्यादा खाली आणल्या गेल्या. शेअर योजनेत पहिल्या ५०० कोटींवर सव्वादोन टक्के आणि पुढे रक्कम वाढेल तशी कमी, अशी ती रचना होती.

या रचनेत आपल्यासाठी एक खोच आहे. योजना जितकी लहान, तितकी खर्चाची मुभा जास्त. शरियतच्या कसोटीवर चालणाऱ्या योजना आपल्या देशात मोजक्या आणि लहान. टाटा एथिकल फंड ही मूळ १९९६ ची योजना, टॉरस एथिकल आणि निफ्टी ५० शरिया निर्देशांकावरचा ईटीएफ २००९ चे, क्वांटम एथिकल डिसेंबर २०२४ चा. बँका, दारू, तंबाखू आणि फार कर्जात बुडालेल्या कंपन्या या योजना टाळतात, ते ठीकच आहे. पण नावात 'एथिकल' आहे म्हणून खर्च पाहायचा नाही, असे होऊ नये. हलाल मांसाच्या दुकानातही आपण काटा पाहतोच ना? या चार योजनांचे माहितीपत्रक शेजारी-शेजारी ठेवा आणि 'डायरेक्ट'चा खर्च ताडून पाहा. कसोटी जवळपास सारखी असूनही खर्चात केवढे अंतर आहे, ते कळेल.

जिथे हिशेबच दिसत नाही

फंडाचा खर्च निदान छापलेला असतो. आपल्या समाजाचे खरे नुकसान झाले ते हिशेबच न दाखवणाऱ्यांकडून. बंगळुरूच्या आयएमए कंपनीने व्याज नव्हे, नफ्यातला हिस्सा देतो असे सांगून हजारो मुस्लिम कुटुंबांकडून रकमा घेतल्या. जून २०१९ मध्ये तिचा संस्थापक देश सोडून गेला आणि विधवांची, पेन्शनवाल्यांची आयुष्यभराची पुंजी अडकली. दरमहा ठरावीक 'नफा' कोणता धंदा देतो, हा साधा प्रश्न व्यापाऱ्यांनीही विचारला नाही. आपल्या दुकानात दोन महिने सारखा नफा कधी झाला आहे का?

हे फक्त खाजगी लोकांचेच झाले असेही नाही. युनिट ट्रस्टची १९६४ ची यूएस-६४ योजना सरकारी समजून छोट्या गावांतल्या माणसांनीही घेतली. तिच्या युनिटचा भाव आतल्या मालमत्तेच्या किमतीवरून ठरत नव्हता, ट्रस्ट ठरवील तो भाव होता. जुलै २००१ मध्ये तिची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवावी लागली आणि पुढे २००३ मध्ये युनिट ट्रस्टचेच दोन भाग झाले. म्हणून दाढी पाहून विश्वास ठेवू नये, तसा शिक्का पाहूनही ठेवू नये. काटा आणि वही पाहावी.

धोरणाबद्दल दोन शब्द

लोक अशा योजनांकडे का वळतात, हेही पाहिले पाहिजे. ज्याला व्याज नको, त्याच्यासाठी बँकेत चालू खात्यापलीकडे फारसे काही नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची सोय असावी असे सुचवले. रिझर्व्ह बँकेच्या दीपक मोहंती समितीने २०१५ मध्ये बँकांत बिनव्याजी खिडकी उघडण्याची शिफारस केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. बँकिंगची संधी सर्वांना सारखीच खुली आहे, असे कारण दिले गेले. माझे म्हणणे इतकेच की दार खुले असूनही जो आत येत नाही, त्याचा पैसा गादीखाली राहतो किंवा ठगाकडे जातो. दोन्हींत देशाचे नुकसान आहे.

दुसरी गोष्ट सोपी आहे. आज एजंटाचे कमिशन रुपयांत छापले जाते, तसा संपूर्ण खर्चही प्रत्येक खातेदाराच्या विवरणात रुपयांत आणि त्याच्या भाषेत छापावा. 'पावणेदोन टक्के' वाचून माणूस पान उलटतो. 'यंदा तुमचे पंधरा हजार सातशे पन्नास रुपये खर्चात गेले' असे वाचले की तो चष्मा पुसून पुन्हा वाचील.

आता काय करावे

आधी दुकान. उधारी थकलेली, सावकाराचे कर्ज डोक्यावर आणि फंडात हप्ता, हे उलटे आहे. कर्ज फेडा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. त्यानंतर जे पाच-सात वर्षे लागणार नाही, तेवढेच शेअर फंडात.

पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. वर्षाला लाखामागे किती रुपये खर्च? त्यात एजंटाचे किती? दोन वर्षांत पैसे काढले तर किती कापले जाईल? उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या.

ज्यांचे पैसे आधीच एजंटामार्फत गुंतले आहेत, त्यांनी घाई करू नये. जुन्यातून 'डायरेक्ट'मध्ये जाणे ही कायद्याने विक्री धरली जाते. त्यावर कर लागतो, मुदत झाली नसेल तर निर्गम आकारही. मी नवे हप्ते 'डायरेक्ट'मध्ये सुरू केले आणि जुनी रक्कम दरवर्षी करमुक्त नफ्याच्या मर्यादेत थोडी थोडी हलवतो आहे.

आणि जो एजंट वर्षातून चारदा येतो, कागदपत्रे करून देतो, बाजार पडला की धीर देतो, त्याला त्याची मजुरी जरूर द्या. कष्टाची मजुरी देण्यात संकोच कसला? मजुरी किती, हे माहीत असले म्हणजे झाले.

पुढच्या रमजानला जकातीची वही उघडाल, तेव्हा शेजारी फंडाचे विवरणही ठेवा. गरिबाच्या हक्काचे लाखाला अडीच हजार आपण मोजून देतो. त्याच लाखातून आणखी दीड-दोन हजार कोणाकडे जातात, तेही त्याच वहीत, त्याच पेनाने लिहा.