मंडळाला फुल फ्रेम कॅमेरा कशाला?

गेल्या बैठकीत मंडळासाठी कॅमेरा घ्यायचं ठरलं. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले लाखभर रुपये आहेत, आणि सूचना आली ती अशी की घ्यायचाच तर फुल फ्रेम घेऊ, नाहीतर नको. टाळ्याही पडल्या. मी तेव्हा गप्प बसले. एकतर मला मुद्दा मांडायला वेळ लागतो, आणि अर्ध्या लोकांना साडेपाचची कदंब गाठायची होती. म्हणून इथे लिहितेय. माझा या सूचनेला विरोध आहे. आणि हा विरोध फुल फ्रेम परवडत नाही म्हणून चिडलेल्या मुलीचा नाही. म्हणजे थोडा होता, पण दोन वर्षांपूर्वी.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. फुल फ्रेम म्हणजे ज्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर आहे तो कॅमेरा. हे माप जुन्या फिल्मवरून आलं. ऑस्कर बार्नाक नावाच्या जर्मन माणसाने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी फिरवली, सिनेमाच्या दोन चौकटींच्या जागेत एक फोटो बसवला, आणि १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला. गंमत म्हणजे त्या काळी मोठ्या प्लेटा वापरणारे लोक या मापाला ‘मिनिएचर’ म्हणत. आज तेच माप ‘फुल’! क्रॉप सेन्सर त्याहून लहान. निकॉन, सोनी, फुजीमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, कॅननमध्ये आणखी किंचित कमी. नावात ‘क्रॉप’ असल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला काहीतरी कापून दिलंय. पण १९९९ साली निकॉनचा डी १ आला तेव्हा वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर याच लहान मापावर आणि पावणेतीन मेगापिक्सेलवर काम करू लागले होते.

आता मोठ्या सेन्सरचा फायदा खोटा आहे का? अजिबात नाही. अंगणात पाऊस पडताना एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. पावसाचा जोर दोघींवर सारखाच, पण परातीत पाणी जास्त साठतं. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ क्रॉपच्या जवळजवळ २.३५ पट आहे, म्हणून तेवढा जास्त उजेड एका फोटोत गोळा होतो आणि अंधारात फोटोवर दाणे कमी दिसतात. हे गणित मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच, की पाऊस किती आत येऊ द्यायचा हे लेन्सचं भोक ठरवतं, आणि त्याबद्दल बैठकीत कोणी चकार शब्द काढला नाही.

मी हे कशी शिकले ते सांगते, म्हणजे मी कशाला एवढी पेटलेय ते कळेल.

आमच्या गावी जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं. पेडण्याकडच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं. माझे बाबा वीस वर्षं त्यात काम करतायत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सांगून टाकलं, गुडघा साथ देत नाही, यंदा शेवटची मोठी भूमिका. मी तेव्हा नुकताच एक जुना निकॉन डी ५६०० घेतला होता, आईच्या भिशीतून. क्रॉप सेन्सर, सोबत १८-५५ची साधी किट लेन्स. सातव्या-आठव्या रांगेत बसले, झूम पूर्ण ५५वर ताणला, कॅमेरा ऑटोवर ठेवला आणि रात्रभर बटण दाबत राहिले. दोनशेच्या वर फोटो काढले.

त्यातले तीन बरे आले. तिन्हीत बाबा नुसते उभे आहेत, आणि एकात तर पाठमोरे. बाकी सगळीकडे चेहऱ्याच्या जागी पुसट डाग. नंतर माहिती बघितली तर कॅमेऱ्याने आयएसओ ३२०० आणि शटर १/२५ ठेवलं होतं, लेन्सचं भोक एफ ५.६. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात बाबा तलवार उपसून अर्धं वळलेले असतात. दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या खांद्यावरून वाकून फोटो बघितले. ‘असले कित्याक आयले गो?’ एवढंच म्हणाले. मी तावातावाने सांगितलं, कॅमेरा लहान आहे, फुल फ्रेम असता तर आले असते.

आणि माझा त्याच्यावर पक्का विश्वास बसला. पुढचे सहा महिने मी आईच्या पुढच्या भिशीवर डोळा ठेवून होते. एका दुकानात जाऊन हप्त्यांची चौकशीसुद्धा केली. दुकानातला माणूस गोड होता. ‘ताई, स्टेजसाठी फुल फ्रेमच’ म्हणाला. चोवीस हप्ते. माझी लेन्स कोणती आहे हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सही राहिली ती नाताळामुळे. आपल्या हॉलमधला कार्यक्रम आठवतोय ना? कॅरल्सच्या वेळी दिवे घालवून नुसत्या मेणबत्त्या ठेवतात. माझ्या वर्गमैत्रिणीचा दादा लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे निकॉन डी ७५० आहे, फुल फ्रेम, माझ्याइतकेच २४ मेगापिक्सेल. त्यावर २४-१२०ची एफ ४ लेन्स. फादरनी आम्हाला बाजूच्या भिंतीशी उभं राहायची परवानगी दिली. मी दादाकडून त्याची ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स मागून घेतली आणि माझ्या कॅमेऱ्याला लावली. ही लेन्स नवी घेतली तरी दहा-पंधरा हजारांत येते, आणि दिसायला एवढी साधी की आई म्हणाली असती, ह्याचे एवढे पैसे?

दोघांनीही शटर १/१२५वर ठेवलं. माझ्या कॅमेऱ्याला आयएसओ १६०० पुरलं. त्याच्या फुल फ्रेमला एफ ४वर ८००० लागलं. घरी जाऊन दोन्ही फोटो शेजारी ठेवले. माझे स्वच्छ होते. आल्टो गाणाऱ्या मुलीच्या हातातल्या मेणबत्तीचा उजेड हनुवटीखाली कसा विरत गेलाय ते दिसत होतं. त्याच्यात दाणे जास्त होते.

मग त्याने तीच ५०ची लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्याला लावली आणि अर्थातच मला हरवलं. हेही लिहायला हवं. लेन्स सारखी असेल तर परात वाटीला हरवणारच. पण आकडे बघा. क्रॉपवरून फुल फ्रेमवर गेलात की २.३५ पट उजेड. एफ ५.६वरून एफ १.८वर गेलात की जवळजवळ दहापट. पहिल्याला लाख लागतात, दुसऱ्याला दहा-पंधरा हजार.

खरं झोंबलं ते याहून वेगळंच. किट लेन्सचं भोक ५५वर एफ ५.६ असतं, पण १८वर तेच एफ ३.५ होतं. म्हणजे अडीचपट उजेड, फुल फ्रेमने जेवढा मिळाला असता त्याहून थोडा जास्तच. मी त्या रात्री उठून पहिल्या रांगेच्या पुढे जमिनीवर बसले असते, झूम मागे घेतला असता आणि ऑटो सोडून शटर स्वतः धरलं असतं, तर एक पैसाही न घालवता बाबांचे फोटो बरे आले असते. गावातली पोरं तशी बसतातच पुढे. मी मात्र कॅमेरा घेऊन आलेली कॉलेजची मुलगी म्हणून खुर्चीवर बसले होते.

(स्टेजवर फोटो काढणाऱ्यांना जाता जाता एक सांगते. हल्लीचे काही एलईडी दिवे विजेबरोबर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५०वर आणून बघा. कॅमेरा बदलून ते पट्टे जातीलच असं नाही.)

हे झालं अंधाराचं. आता उजेडाचं. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात आपली सहल गेली होती, रायबंदरहून फेरीबोटीने. तिथे कांदळवनात गळ्याला पांढरा पट्टा असलेला खंड्या बसतो, आणि तो तुमच्यासाठी जवळ येत नाही. अशा ठिकाणी लहान सेन्सर चक्क वरचढ ठरतो. ३०० मिलिमीटरची लेन्स क्रॉपवर लावली की ४५० लावल्याइतकं दृश्य मिळतं, आणि माझे २४ मेगापिक्सेल त्या खंड्याभोवतीच्या चौकटीत मावतात. दादाच्या फुल फ्रेमवर तीच लेन्स लावून तेवढाच भाग कापला तर हातात साडेदहा-अकरा मेगापिक्सेल उरतात. खरंच जवळ जायचं तर त्याला दीडशे-सहाशेसारखी दोन किलोची लेन्स घ्यावी लागते, वर ती धरणारा माणूस. लग्नाचे फोटो काढणाऱ्या या दादाने पक्ष्यांसाठी स्वतःचा जुना क्रॉप कॅमेरा अजून विकलेला नाही, ही गोष्ट मला पुरेशी बोलकी वाटते.

किडे-फुलं जवळून काढणाऱ्यांनाही लहान सेन्सरचा त्रास नाही. उलट तेवढ्याच भोकाला त्यांना थोडं जास्त अंतर फोकसमध्ये मिळतं. तिठ्यावरचं पिंपळाचं झाड, पावसातले चोर्ल्याचे धबधबे, जुन्या गोव्याच्या चर्चचा दर्शनी भाग, यांना ट्रायपॉडवर आयएसओ १०० ठेवलं की कुठला फोटो कुठल्या सेन्सरचा हे सांगणारा माणूस मला अजून भेटला नाही.

फुल फ्रेम कोणी घ्यावा? लग्न-बारशांवर पोट असणाऱ्याने जरूर घ्यावा. मांडवात नवरा-नवरीला ‘जरा उजेडात या’ म्हणता येत नाही, आणि भारी लेन्स त्याच्याकडे आधीच असतात. रात्रीचं आकाश, तारे काढणाऱ्याने घ्यावा. चेहऱ्यामागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं हवं असेल त्यानेही घ्यावा, कारण तशीच चौकट ठेवली तर फुल फ्रेमवर मागचा भाग जास्त पुसट होतो, हे खरंय. मला स्वतःला ते दर फोटोत बघून कंटाळा येतो. आमच्या अंगणात बसलेल्या आजीच्या मागे तुळस दिसायला हवी की नको? पण हा आवडीचा भाग झाला.

आपलं मंडळ यातलं काय करतं? काव्यवाचन, एकांकिका, नाताळाचा कार्यक्रम, वर्षातून एक सहल, पाहुण्यांबरोबर एक ग्रुप फोटो, आणि हा अंक. अंकात फोटो लावताना आपण तो लहान करून लावतो आणि वाचणारे नव्वद टक्के मोबाईलवर वाचतात. ६००० पिक्सेलचा फोटो १२००वर आणला की बरेचसे दाणे आपोआप विरून जातात.

लाखात फुल फ्रेम बॉडी आणि ओढाताण करून एखादी साधी लेन्स बसेल. मग एकांकिकेच्या रात्री आपण एफ ४ किंवा त्याहून अंधाऱ्या लेन्समागे लाखाचा सेन्सर घेऊन बसू, आणि सहलीला खंड्याऐवजी फांदीचा फोटो आणू. त्याच पैशांत जुनी पण चांगली क्रॉप बॉडी, ५०ची किंवा ३५ची एफ १.८, सत्तर-तीनशेची एक लेन्स, एक फ्लॅश आणि मजबूत ट्रायपॉड येऊ शकतो. बॉडी जुनी घेतलीच तर एवढं बघा, की काही स्वस्त निकॉनमध्ये फोकसची मोटर नसते, त्यांना जुन्या लेन्स लावल्या तर फोकस हाताने करावा लागतो.

यावर एक उत्तर येईल ते मला माहीत आहे. ‘पुढेमागे फुल फ्रेम घ्यावाच लागेल, मग क्रॉपच्या लेन्स फुकट जातील.’ यात तथ्य आहे. क्रॉपसाठी बनवलेली लेन्स मोठ्या सेन्सरला पुरत नाही, कोपरे काळे पडतात. म्हणूनच मी ५०ची सुचवतेय. तिच्या फुल फ्रेमला चालणाऱ्या लेन्स आहेत, ती आपल्याबरोबर पुढे येईल. पण ‘पुढेमागे’साठी या वर्षीच्या एकांकिका अंधारात काढायच्या हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पैशांहून मोठी आहे. आपल्या छायाचित्र विभागाच्या अर्जात ‘कॅमेरा कोणता’ असा रकाना आहे. गेल्या वर्षी एफ.वाय.च्या दोघींनी मला विचारलं, ‘दीदी, आमचा क्रॉप आहे, चालेल का?’ त्यांनी शेवटी अर्ज दिलाच नाही. मंडळाने स्वतःच ‘फुल फ्रेम, नाहीतर नको’ म्हटल्यावर पुढच्या वर्षी किती जणी देतील? तो रकाना काढून टाकावा अशी माझी दुसरी सूचना समजा.

पुढच्या शुक्रवारी एकांकिकांची रंगीत तालीम आहे. मी माझा डी ५६०० आणि ५०ची लेन्स (आता माझी स्वतःची आहे, हप्त्याशिवाय घेतलेली) हॉलमध्ये आणणार आहे. दादाने त्याचा डी ७५० एक संध्याकाळ द्यायचं कबूल केलंय. दोन्ही हातात घेऊन बघा, फोटो स्क्रीनवर शेजारी लावू, आणि मग मत द्या. फक्त वेळेवर या, कारण दुसऱ्या दिवशी मला गावी जायचंय. यंदाच्या नाटकात बाबांना पाच मिनिटांचा प्रवेश आहे, बसूनच बोलायचं आहे, आणि मी जमिनीवर पुढची जागा सांगून ठेवलीय.