कुंडीही वाचावी, ससाही

मुलांच्या हट्टापायी घरी आणलेला पांढराशुभ्र ससा महिनाभर सगळ्यांचा लाडका असतो. मग एके सकाळी मोगऱ्याचे शेंडे गायब झालेले दिसतात. दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीचा वाफा सपाट होतो आणि आठवड्याभरात गुलाबाचे खोड सालीसकट कुरतडलेले सापडते. यानंतर घरोघरी जे होते ते साधारण सारखेच असते. कोणी कुंड्यांवर तिखट भुरभुरते, कोणी मातीत डांबरगोळ्या खोचते, कोणी फिनेल शिंपडते. काहीच लागू पडले नाही, की ससा कायमचा पिंजऱ्यात जातो. झाडे वाचवण्याची इच्छा चुकीची नाही. तिच्यासाठी निवडले जाणारे मार्ग मात्र सशाच्या जिवावर बेतणारे आहेत, म्हणून हा विषय.

ससा कुरतडतो तो खोडी म्हणून नाही. त्याच्या तोंडात अठ्ठावीस दात असतात आणि ते सगळेच आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर वाढतात. चघळून चघळून ते झिजले नाहीत, तर वाकडे वाढून हिरड्यांत आणि गालांत रुततात आणि सशाला खाणे अशक्य होते. त्याचे आतडेही सतत चालू राहण्यासाठी घडलेले आहे. गवतातला चोथा पोटात जात राहिला तरच ते हलते. बारा तास ससा काहीच खात नसेल, तर पशुवैद्य त्याला तातडीची अवस्था मानतात. म्हणजे कुरतडणे थांबवण्याचा प्रयत्न हा सशाचे दात आणि पोट दोन्ही बंद पाडण्याचा प्रयत्न ठरतो. आपल्या हातात एवढेच आहे, की त्याने काय कुरतडावे ते ठरवणे.

आता नेहमीच्या उपायांकडे पाहू. ससा श्वास फक्त नाकाने घेतो; माणसासारखा तोंडाने श्वास घेण्याची सोय त्याच्याकडे जवळपास नाही. अशा प्राण्याच्या नाकात आणि डोळ्यांत तिखट गेले, तर होणारी आग झाडाच्या चार पानांपेक्षा कितीतरी महाग पडते. डांबरगोळ्यांतले नॅप्थलीन विषारी आहे. फिनेल ओल्या पंजांना लागते आणि अंग चाटताना पोटात जाते. गोगलगायी मारण्याच्या गोळ्या आणि उंदरांचे विष यांबद्दल तर वेगळे सांगायला नको. बागकाम करणाऱ्यांच्या सहसा लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे एरंडीची पेंड. सेंद्रिय खत म्हणून ती सर्रास वापरली जाते, पण एरंडाच्या बियांतले रिसिन हे विष तिच्यात उरलेले असू शकते. ससा जिथे फिरतो त्या कुंड्यांत ती घालू नये. कीटकनाशक फवारलेली पाने आणि बाजारातून आणलेली नवी रोपे यांपासूनही त्याला दूर ठेवावे.

या सगळ्यात एक फसवा समज आडवा येतो: जनावराला आपले विष कळते. सशाच्या बाबतीत यावर विसंबता येत नाही. नाकाच्या अगदी पुढचे त्याला दिसत नाही. ओठांनी आणि मिशांनी चाचपत तो खातो. शेकडो पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या पाळीव सशाला आपल्या अंगणातली झाडे ओळखीची असण्याचे कारणही नाही. शिवाय एका प्राण्याला पचलेले दुसऱ्याला पचेलच असे नसते. काही सशांच्या रक्तात अ‍ॅट्रोपिन फोडणारे विकर असते, म्हणून ते हे विष असलेली पाने खाऊनही तगतात. काहींत ते नसते. आपला ससा कोणत्या गटातला, हे धोतऱ्याचे पान खाऊ घालून पाहण्याची गोष्ट नव्हे.

आपल्याकडच्या बागांत धोक्याची झाडे पुष्कळ आहेत आणि ती नेमकी शोभेची म्हणून लावलेली असतात. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांचा परिणाम थेट हृदयावर होतो. अळू, डिफेनबेकिया आणि मनी प्लांट यांच्या पानांतले सुईसारखे स्फटिक तोंड आणि घसा सोलून काढतात. सदाफुली, घाणेरी, धोतरा, एरंड, गुंज, शेर आणि त्याच्या जातीची चिकाची निवडुंगे, तसेच लिलीचे कंद ही सगळी यादीत येतात. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक पोट बिघडवतो. भाजीच्या वाफ्यात टोमॅटोचा पाला, बटाट्याचे कोंब, कांदा आणि लसूण वर्ज्य समजावेत. ही झाडे कुंडीत असतील तर ती उंच मांडणीवर न्यावीत, आणि त्यांची गळलेली पाने रोज झाडून घ्यावीत. वरच्या कुंडीतले पान खाली पडले, की उंचीचा उपयोग संपतो. जमिनीतली असतील, तर ससा तिथे मोकळा सोडूच नये.

उरलेल्या झाडांसाठी भरवशाचा उपाय एकच: जाळी. इथेही थोडे तपशील महत्त्वाचे आहेत. प्लॅस्टिकची हिरवी जाळी ससा काही मिनिटांत कापतो आणि तिचे तुकडे गिळतो. कोंबड्यांसाठी वापरतात ती बारीक तारेची जाळीही चिवट सशापुढे टिकत नाही. जाड तारेची वेल्डमेश घ्यावी आणि तिची भोके एक इंचापेक्षा मोठी नसावीत. उंची अडीच ते तीन फूट ठेवावी. ससा उकरतो, म्हणून जमिनीवरच्या वाफ्याभोवती जाळी अर्धा फूट खाली पुरावी आणि तिचा तळ ससा येतो त्या बाजूला वळवावा, म्हणजे उकरताना तो तारेवरच अडतो. कापलेल्या तारेची टोके आत दुमडायला विसरू नये. कुंडीतल्या मोठ्या झाडाच्या खोडाला फूट-दीड फूट उंचीची जाळीची नळी गुंडाळली तरी साल वाचते. गच्चीवर ससा सोडत असाल तर कठड्याची भोके आधी बुजवा, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळखेरीज तिथे नेऊ नका. सशाला घाम येत नाही. तापलेल्या फरशीवर त्याला उष्माघात व्हायला फार वेळ लागत नाही.

कुंपणाने मात्र सगळे सुटते असे मानू नये. ऑस्ट्रेलियात 1859 मध्ये शिकारीसाठी सोडलेल्या मूठभर सशांची संख्या इतकी वाढली, की पश्चिम ऑस्ट्रेलियाने ते अडवायला कुंपण बांधायला घेतले. 1907 मध्ये पूर्ण झालेले हे पहिले कुंपण 1,833 किलोमीटर लांब होते, आणि काम संपण्याआधीच ससे पलीकडे पोहोचले होते. भुकेला ससा वाट शोधतो. म्हणून जाळीइतकेच लक्ष त्याच्या ताटलीकडे हवे.

चित्रांतल्या पुस्तकांनी सशाच्या हाती कायमचे गाजर दिले आहे. प्रत्यक्षात गाजरात साखर जास्त असते. आठवड्यातून एक-दोन चकत्या पुरेत. सशाच्या आहारातला सुमारे चार-पंचमांश भाग वाळलेल्या गवताचा असावा, आणि ते चोवीस तास समोर असावे. परदेशी टिमोथी गवत परवडत नसेल, तर स्वच्छ, बुरशी न लागलेले, फवारणी न झालेले वाळलेले हरळीचे किंवा ओटचे गवत चालते. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला रोज दिल्यास त्यातल्या जादा कॅल्शियममुळे मूतखडे होण्याचा धोका असतो. कोथिंबीर, पुदिना, जास्वंदीची पाने, तुतीचा पाला हे रोज मूठभर द्यावे. पेरूच्या किंवा तुतीच्या फवारणी न केलेल्या डहाळ्या दातांना काम देतात. यंत्राने कापून ढीग केलेले ओले गवत देऊ नये. ते लवकर आंबते आणि पोट फुगवते.

उकरण्याचीही सोय करता येते. पुठ्ठ्याच्या खोक्यात माती किंवा फाडलेले कागद भरून ठेवले, एका मोठ्या कुंडीत त्याच्यासाठीच हरळी लावली, तर गुलाबाकडे वळणारे लक्ष बरेच कमी होते. वयात आलेल्या सशाची नसबंदी केल्यास उकरणे आणि कुरतडणे दोन्ही सौम्य होते. सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यालाच त्याबद्दल विचारावे.

इतके करूनही ससा नको ते खाऊन बसला तर काय? तोंडातून लाळ, दात करकरणे, एका कोपऱ्यात अंग आखडून बसणे, लेंड्या बारीक होणे किंवा थांबणे ही लक्षणे दिसताच वाट पाहू नये. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे मिठाचे पाणी पाजण्याचा घरगुती उपाय निरर्थक आणि घातक आहे. दूधही पाजू नये. खाल्लेल्या झाडाची फांदी सोबत घेऊन पशुवैद्याकडे जावे. प्रत्येक पशुवैद्य सशांवर उपचार करतोच असे नाही, म्हणून आपल्या गावात ते कोण करते, याची चौकशी ससा धडधाकट असतानाच करून ठेवावी.

आणि शेवटी त्या उपायाबद्दल, जो कोणी उघड बोलत नाही. कंटाळलेली माणसे ससा टेकडीवर किंवा बागेत ‘निसर्गात’ सोडून देतात. आपल्या माळरानावरचा ससा आणि दुकानातला ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पकडून पाळता येत नाही. दुकानातला युरोपीय वंशाचा ससा रानात कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जातो, बहुतेकदा पहिल्या रात्रीच.

नीट सांभाळलेला ससा आठ ते दहा वर्षे जगतो. तो आणणारे मूल तोवर दहावी-बारावीला पोहोचलेले असते. म्हणून पिल्लू घरी आणण्याआधी गच्चीवरून एक चक्कर मारावी. कोणती कुंडी वर जाईल, कोणते झाड दुसऱ्याला देऊन टाकावे लागेल, जाळी कुठे बसेल आणि गवत कुठून मिळेल, हे ठरवावे. एवढे ठरत नसेल, तर मुलाला ‘आत्ता नको’ म्हणणे हेच त्या पिल्लाच्या हिताचे आहे.