भूकंपाच्या नांवानें

"नागपूरला भूकंपाचें भय नाहीं," असें मानणारा पक्ष आमच्या शहरांत जुना आहे. त्याच्यासमोर आतां दुसरा पक्ष उभा राहिला असून, तो इतवारीच्या अरुंद ओळी, माती-चुन्याच्या भिंती आणि लांकडी माड्या यांकडे बोट दाखवून म्हणतो कीं, हें सारें एकदां भुईसपाट करून तेथें उंच इमले उठविले म्हणजे रहिवाशांच्या जिवाची काळजी मिटेल. पहिल्या पक्षाचें मूळ आळसांत आहे, दुसऱ्याचें लोभांत. आणि या दोघांपैकीं कोणाच्याहि हातीं इतवारी सोंपवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पहिल्या पक्षाचा सारा भरंवसा नकाशावर. देशांतील भूकंपाच्या पट्ट्यांचा जो नकाशा २००२ सालीं झाला, त्यांत नागपूर सर्वांत सौम्य पट्ट्यांत आहे, ही गोष्ट खरी. पण किल्लारी गांव तरी कोठें होतें? तेंहि त्या वेळच्या नकाशांत सर्वांत सौम्य पट्ट्यांतच होतें! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें १०,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि नकाशा दुरुस्त झाला तो त्यानंतर. पुढें २२ मे १९९७ रोजीं जबलपूर हादरलें. तें तर आम्हांपासून सरळ रेषेंत अवघें २४० किलोमीटर आहे. इतकें झाल्यावरहि जो नकाशा उशाशीं घेऊन निजेल, त्यास जागें कोणीं करावें?

दुसऱ्या पक्षास आमचा प्रश्न असा कीं, नवी इमारत म्हणजे भक्कम इमारत, हें त्यास कोणीं सांगितलें? २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत जो भूकंप झाला, त्याच्या केंद्रापासून अहमदाबादचें अंतरहि सुमारें २४० किलोमीटरच होतें. कच्छचा धक्का जबलपूरच्या धक्क्याहून कितीतरी पटींनीं प्रबळ होता, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि त्या शहरांत सर्वांत अधिक बळी घेतले ते अलीकडे बांधलेल्या बहुमजली इमारतींनीं, हें विसरूनहि चालणार नाहीं. त्यांतील पुष्कळांचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठीं मोकळा सोडलेला होता. वरचे मजले भिंतींनीं जखडलेले आणि खालीं नुसते खांब. जमीन हलली तेव्हां सारा ताण त्या खांबांवर आला, आणि ते मोडतांच वरचे संसार खालीं कोसळले. जागेच्या टंचाईनें गांजलेल्या इतवारींत जो नवा इमला उठेल, त्याचा तळमजला वाहनांसाठींच मोकळा ठेवला जाईल, हें सांगावयास ज्योतिषी नको.

आम्ही जुन्याचे भाट नव्हों. चिखलांत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचें जड माळवद हींच किल्लारीच्या लोकांचा काळ ठरलीं. पण त्या भूकंपानंतर ५२ गांवें नव्यानें वसविलीं, एवढेंच आपण सांगतों. दोन लाखांच्या आसपास घरें न पाडतां दुरुस्त व बळकट करण्याचें कामहि तेव्हांच हातीं घेतलें गेलें, याची आठवण कोणी काढीत नाहीं. भिंतीचे आंतले व बाहेरचे थर सांधणारे आरपार दगड, चौकटींवरून घराभोंवतीं फिरविलेला सिमेंट-लोखंडाचा पट्टा, छपरावरील मातीचा कमी केलेला भार, असे ते साधे उपाय होते.

इतवारींत हेंच आधीं कां होऊं नये? सराफ्यापासून मस्कासाथपर्यंत महानगरपालिकेनें घरोघर तपासणी करावी. माड्यांवर जेथें कापडाचे गठ्ठे व धान्याचीं पोतीं रचलीं असतील, तेथून तीं खालीं आणवावीं. कारण वर जितकें ओझें अधिक, तितका धक्क्याचा जोर अधिक. बंब व रुग्णवाहिका आंत शिरतील एवढी वाट मोकळी ठेवावी. ज्या घराची दुरुस्ती अशक्यच ठरेल, तें खुशाल पाडावें.

परंतु या कामांत नफा नाहीं. नफा आहे तो २०२० सालच्या राज्याच्या नियमावलींत पुनर्बांधणीसाठीं देऊं केलेल्या जादा चटईक्षेत्रांत. तुर्कस्थानांत १९९९ च्या भूकंपांत १७,००० हून अधिक लोक मेले व २०१२ सालीं धोक्याच्या इमारती पाडून नव्या बांधण्याचा कायदा झाला. पण इस्तंबूलमध्यें पाडकामानें धोक्याचा नव्हे, तर जमिनीच्या भावाचा माग घेतला, अशी तक्रार तेथील नगररचनाकारांनींच केली. आमच्याकडे निराळें घडेल, अशी हमी कोण देतो? दुकानावरच्या माडींत पिढ्यानपिढ्या राहणारा भाडेकरू आणि ओळीच्या तोंडाशीं उभा असणारा हमाल यांस शहराच्या टोकाला नेऊन टाकलें, तर त्यांचा जीव वांचला म्हणावयाचा कीं पोट मारलें म्हणावयाचें?

म्हणून जो कोणी इतवारी पाडण्याचा परवाना मागेल, त्यानें भाडेकरूस त्याच ओळींत जागा लेखी लिहून द्यावी, आणि तळमजल्याच्या खांबांचा हिशेब स्वतंत्र अभियंत्याकडून तपासून घेऊन चौकांत लावावा. एवढें करील त्यानेंच भूकंपाचें नांव घ्यावें.