मेण कुणाचं, मेणबत्ती कुणाची?

बायकांच्या गटाला काय शिकवायचं, असा प्रश्न आला की आपल्याकडे उत्तरं ठरलेली असतात. पापड, लोणची, शिवणकाम, उदबत्ती, मेणबत्ती. एमएसडब्ल्यू करून मी एका संस्थेत लागले, तेव्हा हीच यादी पर्समध्ये घालून जव्हार तालुक्यातल्या पाड्यांवर गेले. त्या यादीतल्या मेणबत्तीने मला जे शिकवलं ते इथे मांडते आहे, कारण ही चूक माझ्या एकटीची नाही. आपल्यापैकी अनेकींनी ती केली असणार.

पहिलं प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं. शहरातून पॅराफिन मेण, सुताच्या वाती, रंग आणि अ‍ॅल्युमिनियमचे साचे आणले. बायका भराभर शिकल्या. दिवाळीत तालुक्याच्या बाजारात पाटी मांडली, तर शेजारच्या दुकानात कारखान्याची मेणबत्ती आमच्यापेक्षा स्वस्त. मेणाचे पैसे, साच्यांचे पैसे, एस.टी.चं भाडं वजा केलं, तेव्हा मजुरीच्या खान्यात लिहायला काहीच उरलं नाही. हिशेब सांगताना माझाच आवाज खाली गेला होता.

त्याच बैठकीत एका काकूंनी विचारलं, "ताई, हे मेण येतं कशापासून?" खनिज तेल शुद्ध करताना निघतं, असं मी सांगितलं. "म्हणजे रॉकेलचाच भाऊ की!" त्या म्हणाल्या. मग एक आजी बोलल्या, "आमच्या आयांनी दिवे लावले ते मोहट्यांच्या तेलावर. तेव्हा ना रॉकेल होतं, ना तुमचं मेण."

मोहट्या म्हणजे मोहाच्या फळातल्या बिया. त्या सुमारास मी घरगुती मेणबत्त्यांविषयी एक पुस्तक वाचत होते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर बेबेरी नावाचं झुडूप होतं. त्याच्या मिरीएवढ्या फळांवर मेणाचा पातळ थर असतो. शरद ऋतूत फळं तोडायची, पाण्यात उकळायची, वर तरंगलेलं मेण काढून गाळायचं आणि त्याच्या मेणबत्त्या करायच्या. हिरवट रंगाच्या, सुगंधी, उन्हाळ्यातही न वाकणाऱ्या. वसाहतीच्या काळात वर्षभराच्या मेणबत्त्या करून ठेवणं हे तिथल्या घरच्या बाईचं एक मोठं काम असे. थोड्याशा मेणासाठी ढीगभर फळं लागत, म्हणून ती मेणबत्ती जपून वापरली जाई.

मला वाटलं, सापडलं! तिथे बेबेरी, तर आपल्याकडे मोह. गटातल्या बायकांनी जून महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, मोहट्या वेचल्या. दगडाने एकेक बी फोडायची, आतली डाळ काढायची, वाळवायची, मग घाण्यावर न्यायची. पाच किलो वाळलेल्या डाळीचं दीड किलोच्या आसपास तेल मिळालं. थंडीत ते तुपासारखं गोठलं. आम्ही साच्यात ओतलं, वात घातली, आणि डिसेंबरच्या पहाटे पांढरट पिवळी मेणबत्ती बाहेर निघाली. किती टाळ्या पडल्या! दुपारी ऊन वर आलं, तशी ती आधी वाकली, मग बसली आणि शेवटी ताटलीत पसरली. आजी म्हणाल्या, "ताई, आता ही पेटवायची का भाकरीला लावायची?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. बेबेरीचं मेण कडक आणि ठिसूळ असतं. मोहाची चरबी तिशीच्या आसपासच्या उष्णतेलाच पातळ होते. बाजारातलं पॅराफिन साधारण 58 ते 60 डिग्रीपर्यंत टिकतं. मोहाचं तेल मेणबत्ती आणि साबणाच्या धंद्यात पूर्वीपासून वापरलं गेलं आहे, पण नुसत्या मोहाची मेणबत्ती आपल्या उन्हात उभी राहत नाही. हे त्या आजीला ठाऊक होतंच. म्हणून तर तिची आई वात पणतीत लावत होती, काडीवर नाही. मी तिला विचारलं नव्हतं. मी शिकवायला गेले होते.

इथे माझा खरा प्रश्न सुरू होतो. प्रशिक्षण द्यायचं ठरवतो, तेव्हा आपण गृहीत धरतो की बाईकडे कौशल्य नाही. पण या बायकांना कुठल्या झाडाच्या मोहट्या भरीव, कधी वेचायच्या, कुठल्या लवकर किडतात, हे सगळं माहीत होतं. पेंड पाण्यात टाकली तर मासे गुंगतात आणि गुरांना ती तशीच घालायची नाही, हेही त्यांनीच मला सांगितलं. त्यांच्याकडे नव्हता तो भावावरचा ताबा. व्यापारी पाड्यावर येऊन मोहट्या मापाने घ्यायचा आणि बदल्यात मीठ-कांदे द्यायचा. झाड मालकीच्या जमिनीत असेल तर सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं नाहीतर दिराचं. झाड जंगलात असेल तर नाव वनखात्याचं. वाकून वाकून कंबर मोडली ती मात्र बाईची.

सरकारी भाषेत या सगळ्याला 'गौण वनोपज' म्हणतात. गौण! घरात बाईच्या कामाला जो शब्द अप्रत्यक्षपणे वापरला जातो, तोच इथे कायद्याच्या कागदावर आहे. पण त्याच कागदात आपल्या कामाचंही बरंच काही आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे यावी असं सांगितलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने ते वेचण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. त्यातल्या व्याख्येत बांबू, मध, लाख यांच्यासोबत मेणाचाही उल्लेख आहे. वैयक्तिक वनहक्काचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा आहे आणि वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. 2013-14 पासून केंद्राच्या आधारभूत किमतीच्या योजनेत मोहाच्या बियाही आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये गावाने आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्यावर विकला. म्हणजे हे होऊ शकतं.

मात्र ग्रामसभेच्या हाती हक्क आला की बाईच्या हाती आला, असं समजू नका. पुन्हा त्या बेबेरीकडे बघा. लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन गावाने 1687 मध्ये नियम केला, की 15 सप्टेंबरच्या आधी कुणी ही फळं तोडायची नाहीत, तोडल्यास पंधरा शिलिंग दंड. कच्ची फळं ओरबाडली जाऊ नयेत म्हणून गावाने एकत्र बसून मर्यादा घालणं, हे शहाणपणच. पण त्या काळी तिथल्या गावसभेत बायकांना मत नव्हतं, आणि ज्यांची ती मूळ भूमी होती त्या आदिवासींना तर जमिनीवरूनच हटवलं जात होतं. वेचणारी एक आणि ठरवणारा दुसरा, हे जव्हारलाच घडतं असं नाही.

म्हणून आम्ही साचे गुंडाळून ठेवले. आता गटाची बैठक ग्रामसभेच्या दोन दिवस आधी होते. मोहट्या एकत्र साठवायच्या, एकत्र तोलायच्या, तेल काढून घरापुरतं ठेवायचं आणि उरलेलं वजनाने विकायचं, हे बायकांनी ठरवलं. ग्रामसभेची वेळ दुपारची असावी, म्हणजे पाणी आणि चूल उरकून येता येईल, हा ठराव मांडायला दोन वर्षं लागली. मापाऐवजी काटा आला, तेव्हा व्यापारी पहिल्या वर्षी फिरकलाच नाही. ते वर्ष कठीण गेलं, हेही सांगायला हवं. दोघी गट सोडून गेल्या आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

मैत्रिणींनो, मेणबत्तीला माझा विरोध नाही. शहरातल्या वस्तीत, जवळ बाजार असेल तिथे तिच्यावर एखादीचं घर चालतही असेल. माझं म्हणणं इतकंच, की पुढचं प्रशिक्षण आखण्याआधी आपण तीन गोष्टी विचाराव्यात. कच्चा माल कुणाच्या मालकीचा आहे? भाव कोण ठरवतो? आणि या बाईला जे आधीच येतं, ते आपण तिच्याकडून शिकलो आहोत का? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत साचा विकत घेऊ नये.

तुमच्या भागात काय अनुभव आहे, ते जरूर लिहून कळवा. फसलेलेही कळवा. माझी ताटलीत पसरलेली मेणबत्ती मी सांगितली आहेच.