देहाची स्वाक्षरी



नोव्हेंबर आला की आम्हा निवृत्तांना आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते. या महिन्यात बँकेच्या खिडकीपुढे लागणारी वृद्धांची रांग मी अनेक वर्षे पाहिली आहे. तेव्हा अधिकाऱ्यासमोर स्वाक्षरी केली की हयातीचा दाखला पूर्ण होई. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ सेवा सुरू झाली आणि बोटाचा ठसा किंवा बुबुळ दुरूनच पडताळले जाऊ लागले. नोव्हेंबर २०२१ पासून तर मोबाईलसमोर चेहरा धरला तरी पुरते. जीव कोणता व अजीव कोणते, येथून आपली तत्त्वचर्चा सुरू होते. त्याचा निवाडा आता यंत्र काही क्षणांत करते, याची मौज वाटते.

या व्यवस्थेचा आरंभ आपल्याच राज्यातला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी एका महिलेला देशातील पहिला आधार क्रमांक मिळाला. दहा बोटे, दोन बुबुळे, एक चेहरा आणि त्यांना जोडलेले बारा अंक. ज्याच्यापाशी एकही कागद नाही, त्याचा देहच कागद झाला. निराधार योजनेच्या पैशासाठी शाखेत येणे म्हणजे बसभाडे आणि बुडालेली मजुरी. आता गावातल्या बँक प्रतिनिधीच्या छोट्या यंत्रावर बोट टेकवून ते पैसे हाती पडतात. हे उपकार मी कमी लेखत नाही.

परंतु आपल्या भंडारा जिल्ह्यातले हात पाहा. धानाच्या रोवणीत चिखलात राबलेले, विड्या वळून गुळगुळीत झालेले, पितळेची भांडी घडवताना भाजलेले. अशा बोटांवरच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. स्वाक्षरी जुळली नाही तर आम्ही मान वर करून माणसाकडे पाहत असू. ओळखीचा साक्षीदार बोलावून काम मार्गी लावत असू. यंत्राला मान वर करता येत नाही.

दुसरा धोका माझ्यातल्या बँक अधिकाऱ्याला अधिक छळतो. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे मिळवून, त्यांची रबरासारखी प्रतिकृती करून खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी उघडकीस आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने बोट सजीव आहे की नाही हे तपासणारी नवी पद्धत जाहीर केली, ती उगीच नव्हे. धनादेश हरवला तर आम्ही त्याचे पैसे देणे थांबवत असू. स्वाक्षरीची नक्कल झाली तर नवी नमुना स्वाक्षरी घेत असू. अंगठा मात्र बदलून मिळत नाही. नवा हवा असेल तर पुढच्या भवाचीच वाट पाहावी लागेल!

आता हे नाते त्वचेच्या आतही गेले आहे. हृदयाचे ठोके सांभाळणारा पेसमेकर आपली खबर दूरच्या डॉक्टरांना पाठवतो, आणि रुग्णाचा एखादा हेलपाटा वाचतो. पण जिथून खबर बाहेर जाते, तिथून कोणी आतही शिरू शकतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांची आज्ञावली याच भीतीपोटी सुधारावी लागली. शस्त्रक्रिया करावी लागली नाही, एवढे समाधान.

आपण श्रावक परिग्रह-परिमाण व्रत घेतो. देहाच्या खुणा साठवणाऱ्या संस्थांनाही असे परिमाण हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपल्यावर ती पुसून टाकण्याचे तत्त्व आहे. ते कितपत पाळले जाते, हे आपणच विचारत राहिले पाहिजे.

माझ्यापुरते म्हणाल, तर आधारच्या ॲपमध्ये मी माझे ठसे, बुबुळे व चेहरा कुलूपबंद करून ठेवले आहेत. दाखल्याच्या दिवशी ते थोड्या वेळापुरते उघडतो. ज्यांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी शाखेत जाऊन कागदी दाखला देण्याची सोय अजून आहे. खिडकीवरच्या तरुण कर्मचाऱ्याने ‘आजोबा, आता मोबाईलवरच करा’ असे म्हटले, तरी तो अर्ज मागून घ्यावा.