चावी फिरवा, मग भाव करा

सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथल्या माझ्या खानदेशी भावा-बहिणींना कळकळीची विनंती आहे. जुनी रिक्षा, छोटा हत्ती किंवा मोटारसायकल घेताना आपण टायर बघतो, धूर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. एवढ्यावर आता बयाणा देऊ नका, कारण गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्सही तपासावं लागतं.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक साध्या मोटारसायकलींचाही कार्बोरेटर गेला, इंजेक्टर आला. किती पेट्रोल कधी सोडायचं हे आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक ठरवतो. १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा सक्तीची आहे. मोटारीत एअरबॅगचा कंट्रोलर वेगळा, ब्रेकचा वेगळा. गाडीच्या किमतीत इलेक्ट्रॉनिक्सचा वाटा वर्षागणिक वाढतोय. २०२१ मध्ये चिपा मिळेनात म्हणून नव्या गाड्या महिनोन्महिने अडकल्या आणि जुन्यांचे भाव चढले, ते याचमुळे.

सुरतेत या यंत्रणेचा मोठा वैरी म्हणजे पाणी. ऑगस्ट २००६ मध्ये तापीने शहर बुडवलं होतंच, पण लिंबायतकडची मीठी खाडी तर कित्येक पावसाळ्यांत घरादारांत शिरते. बुडालेली गाडी धुऊन, सीटा बदलून, पॉलिश मारून विकायला उभी राहते. इंजिन मिस्त्री उघडून साफ करेल हो, पण ईसीएमच्या सॉकेटात शिरलेला ओलावा तसाच राहतो. पिनांवर हिरवट थर चढतो आणि दोन-चार महिन्यांनी गाडी भर रस्त्यात बंद पडू शकते. म्हणून मोटार घेताना मॅटखालचा गालिचा उचलून वास घ्या, आणि गाडी कुठलीही असो, जाणत्या मिस्त्रीकडून सॉकेट उघडून पिना बघा.

मग चावी ऑन करा. इंजेक्टरच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कुणीतरी दोष लपवायला दिव्याची वायर काढलेली असू शकते. तिथून उठा.

दिवा ठीक असला तरी ईसीएममधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावाच. यातही एक मेख आहे. विकणारा सकाळीच सगळे कोड पुसून ठेवू शकतो. मोटारीच्या बाबतीत चांगला स्कॅनर हे पकडतो, कारण कोड पुसले की गाडीच्या आतल्या तपासण्या ‘अपूर्ण’ दिसू लागतात. तसं दिसलं तर थोडी रक्कम हातात राखा, काही दिवस गाडी चालवून पुन्हा स्कॅन करा आणि मगच हिशेब पुरा करा.

तुमची स्वतःची गाडी पाण्यात गेली तर सेल्फ अजिबात मारू नका. बॅटरीची वायर काढा आणि टोचन करून न्या. बुडालेली गाडी सुरू करताना इंजिन गेलं तर साध्या विम्यात त्याचा खर्च बहुधा मिळत नाही. इंजिनाचं वेगळं संरक्षण पॉलिसीत आहे का, हे पावसाळ्याआधीच एजंटाला विचारून घ्या.

आणि गॅरेजवाल्या भावांनो, पान्ह्याच्या जोडीला स्कॅनर शिकून घ्या. पोरगा मजुरा गेटच्या आयटीआयला जात असेल तर त्याला वायरिंगचा नकाशा वाचायला शिकू द्या. नाहीतर तुमच्या गल्लीतली गिऱ्हाइकं साध्या सेन्सरच्या कामासाठीसुद्धा कंपनीच्या शोरूमची वाट धरतील.